मोफत शाळेसाठी भांडलेला वकील

आज अमेरिकेतल्या एका वकिलाची आणि खासदाराची गोष्ट सांगते. त्यांचं नाव थॅडियस स्टीव्हन्स. पण सुरुवात त्यांच्या आईपासूनच करायला हवी.

१७९२ साली व्हर्मॉन्ट राज्यात त्यांचा जन्म झाला. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील घर सोडून गेले आणि चार मुलगे आईच्या पदरात राहिले. तिने शेती सांभाळली आणि मुलांच्या शिक्षणासाठी पीचम गावी बिऱ्हाड हलवलं. आईने रात्रंदिवस कष्ट केले म्हणून मी शिकलो, असं ते पुढे सांगत.

वकिली त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात केली. तिथे गरिबाच्या मुलाची फी सरकार भरायचं खरं, पण आईबापांचं नाव आधी गरिबांच्या यादीत लागायचं. ही लाज पुष्कळांना सोसवत नसे. मुलं घरीच राहायची. १८३४ साली सगळ्यांसाठी करातून शाळा चालवण्याचा कायदा झाला, तर वर्षभरात तो रद्द करायची तयारी! आमच्या घरात मूल शिकत नाही, मग आम्ही कर का भरायचा, अशी लोकांची कुरकुर. तेव्हा स्टीव्हन्स विधानसभेत उभे राहिले. गुन्हेगारांना पोसायला, शिक्षा द्यायला कर आनंदाने भरता. माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून द्यायचा पैसाच कसा जड होतो, असं त्यांनी विचारलं. कायदा वाचला.

सगळंच कौतुकाचं नाही हं. १८२१ साली चॅरिटी बटलर ही गुलाम बाई स्वातंत्र्य मागायला कोर्टात गेली, तेव्हा हेच वकील मालकाच्या बाजूने लढले आणि जिंकले. ती आणि तिची मुलं गुलामच राहिली. पुढे मात्र त्यांनी पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले आणि खासदार म्हणून गुलामी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी झटले.

नुसतं स्वातंत्र्य देऊन पोट कसं भरणार? म्हणून १८६७ साली त्यांनी मुक्त झालेल्यांना ४० एकर जमीन देण्याचं विधेयक आणलं. त्यात घर चालवणाऱ्या विधवेचाही स्वतंत्र हिस्सा होता. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. ते विधेयक काही मंजूर झालं नाही.

१८६८ साली ते वारले. काळ्या लोकांना मनाई नसलेल्या दफनभूमीतच त्यांनी स्वतःसाठी जागा घेतली होती. मृत्युपत्रात आईच्या कबरीची निगा राखायला पैसे ठेवले होते, आणि तिथे गुलाबाची झाडं लावायला सांगितलं होतं.