स्मरणाच्या वाटा आणि जिवतीच्या भाषा

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती हा तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ तालुका. कोलामी, गोंडी, बंजारा, मराठी, तेलुगू अशा अनेक भाषा येथे कानावर पडतात. येथील एखादी आजी कालची गोष्ट वारंवार विसरू लागली, तर 'वय झाले' म्हणून विषय संपतो. शहरातही याहून वेगळे घडत नाही. पण ते नेहमीच खरे नसते.

स्मरणशक्ती वयाच्या मानाने अधिक घटलेली, मात्र रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात, अशा मधल्या अवस्थेला 'सौम्य बोधनिक क्षीणता' म्हणतात. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मेंदूचे काही भाग एका लयीत कार्यरत असतात. या जाळ्याची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये मांडली. रक्तातील प्राणवायूचे बदल टिपणाऱ्या एमआरआय तंत्राने ही लय पाहता येते. अल्झायमरकडे झुकणाऱ्या क्षीणतेत आठवणी साठविण्यास आवश्यक असलेला 'हिप्पोकॅम्पस' आणि या जाळ्याचा मागील भाग यांच्यातील संपर्क अनेकदा सैल झालेला आढळतो. काही वेळा इतर जोडण्या अधिक काम करून ही उणीव भरून काढतात, असे मानले जाते.

अनेक भाषांचा वापर हे असेच एक बळ असावे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. म्हणजे हे श्रेय केवळ शाळेचे नव्हे.

तपासणीत मात्र शाळाच आडवी येते. तारीख सांगणे, वाक्य लिहिणे, आकृती काढणे या कसोट्यांत निरक्षर वृद्ध स्मृती शाबूत असूनही नापास होऊ शकतो. कोलामी बोलणाऱ्याला मराठीत प्रश्न विचारले, तर चूक भाषेची आणि शिक्का मेंदूवर, असे व्हायचे. म्हणून त्याच्या भाषेतील प्रश्न आणि घरच्यांची माहिती महत्त्वाची. एकट्या एमआरआयवरून निदान होत नाही.

ही अवस्था म्हणजे स्मृतिभ्रंशच, असेही नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य ही उपचार करण्याजोगी कारणे असू शकतात. 'वय झाले' म्हणण्यापूर्वी त्यांचा शोध घ्यायलाच हवा.