पोट उडतंय, की छाती आत जातेय?

रात्रीचे अकरा वाजले आहेत. सात महिन्यांच्या बाळाला तीन दिवसांपासून सर्दी-खोकला आहे. बाबांनी काखेत थर्मामीटर लावला. ९९.८. "ताप विशेष नाहीये, सकाळी बघू," असे म्हणत ते दिवा बंद करायला उठले. तेवढ्यात आजीने बाळाचे झबले वर केले. "अरे, त्याचं पोट बघ कसं उडतंय!" आई गोंधळली. थर्मामीटर एक सांगतो आणि सासूबाई दुसरेच सांगतात. ऐकायचे कुणाचे?

थंडीच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत अशी रात्र अनेक घरांत येते. सकाळपर्यंत थांबायचे की आत्ताच निघायचे, हे त्या वेळी डॉक्टर ठरवत नाहीत, घरचे ठरवतात. सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात फार उशिरा आलेल्या मुलांचे पालक पुष्कळदा एकच वाक्य सांगतात, "धाप दोन दिवस होती, पण ताप नव्हता म्हणून थांबलो."

ताप दिसतो, मोजता येतो, म्हणून आपण त्यालाच आजाराचे माप समजतो. पण साध्या विषाणूजन्य सर्दीतही १०३ पर्यंत ताप चढू शकतो आणि मूल ताप उतरताच खेळू लागते. उलट न्यूमोनिया झालेल्या लहान बाळाला, विशेषतः कुपोषित बाळाला, ताप जेमतेमच असू शकतो. खोकला असलेल्या मुलाचा आजार किती गंभीर आहे, हे तापापेक्षा त्याचा श्वास अधिक खरे सांगतो. त्यासाठी लागते एक घड्याळ आणि एक मिनिट.

श्वास का वाढतो?

फुप्फुसात हवेचे लाखो सूक्ष्म फुगे असतात. न्यूमोनियात त्यांतल्या काही फुग्यांत हवेऐवजी पू आणि द्रव साठतो. प्राणवायू कमी पडू लागतो आणि एरवी मऊ असलेले फुप्फुस ताठर होते. ताठर फुप्फुसात खोल श्वास घेणे जड जाते, म्हणून मूल उथळ पण भरभर श्वास घेते. ही पहिली पायरी.

आजार वाढला की फुप्फुस आणखी ताठर होते. आता हवा ओढायला जास्त जोर लागतो. बाळाच्या बरगड्या अजून लवचिक असतात. त्या जोराने छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातो. ही दुसरी, अधिक गंभीर पायरी. त्यानंतर मूल थकते.

इथे आजीच्या म्हणण्यात एक दुरुस्ती करायला हवी. लहान बाळे मुख्यतः पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या जोरावर श्वास घेतात. त्यामुळे निरोगी बाळाचेही पोट श्वासाबरोबर वरखाली होते. नुसते 'पोट उडणे' म्हणजे आजार नव्हे. पाहायचे ते पोटाच्या वर, बरगड्यांच्या खालच्या कडेला. निरोगी बाळ श्वास घेते तेव्हा पोट आणि छाती दोन्ही एकत्र वर येतात. श्वास आत घेताना पोट वर आणि छातीचा खालचा भाग मात्र आत जात असेल, तर ते धोक्याचे लक्षण आहे. आजीची शंका बरोबर होती, फक्त नजर चार बोटे वर न्यायला हवी.

श्वास कसा मोजाल?

बाळ शांत असताना मोजा. रडताना, अंगावर पिताना किंवा नुकतेच खेळून दमलेले असताना मोजलेला आकडा चुकतो. झोपलेले असेल तर उत्तम. आईच्या मांडीवर असले तरी चालेल. नाक चोंदले असेल तर सलाइनच्या नाकात घालायच्या थेंबांनी आधी ते मोकळे करा. झबले वर करून छाती-पोट उघडे ठेवा, उजेड पुरेसा असू द्या. छाती किंवा पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला.

पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. काही सेकंद भरभर, मग क्षणभर थांबा, असे चालते. म्हणून पूर्ण मिनिटच खरे. आकडा जास्त आला तर बाळाला शांत करून पुन्हा एकदा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील, तर श्वास जलद आहे. साठ, पन्नास, चाळीस. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत असे हे आकडे आहेत.

गोरोका ते गडचिरोली

ही साधी मोजणी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतून आलेली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीतील डोंगराळ भागातल्या गोरोका येथे डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी न्यूमोनियाच्या मुलांवर उपचार करत होते. एक्स-रे प्रत्येक गावात नेता येत नव्हता. तेव्हा त्यांनी दाखवले, की जलद श्वासावरून प्रतिजैविक कुणाला द्यायचे आणि आत ओढल्या जाणाऱ्या छातीवरून रुग्णालयात कुणाला न्यायचे, हे ठरवता येते.

याच विचाराची मोठी कसोटी महाराष्ट्रात लागली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील गावांमध्ये आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले, तिथे मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत सुमारे निम्मे होते. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक साधन बनवले गेले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची रांग. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया समजायचा. जे सुईणींना मण्यांवर जमले, ते हातात मोबाइल असलेल्या पालकांना नक्कीच जमेल.

केव्हा घरी, केव्हा दवाखान्यात?

सर्दी-खोकला आहे, पण श्वास मर्यादेत आहे, मूल पितेखाते आहे, ताप उतरल्यावर हसते-खेळते आहे, तर घरी काळजी घेणे पुरेसे असते. अंगावरचे दूध किंवा पातळ पदार्थ थोडे थोडे, वारंवार द्या आणि श्वासावर लक्ष ठेवा. दिवसातून दोन-तीनदा मोजा.

श्वास जलद आहे, पण छाती आत जात नाही आणि मूल पीत आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेत ओळखलेल्या न्यूमोनियावर बहुतेकदा तोंडाने घ्यायचे साधे प्रतिजैविक पुरते. ते पूर्ण दिवस द्यायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचे.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर रात्र असो की पहाट, लगेच निघा. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे. प्रत्येक श्वासाला कण्हणे किंवा शांत असतानाही घशातून घरघर येणे. ओठ, जीभ निळसर दिसणे. अंगावर पिणे किंवा पाणी पिणे बंद होणे. घेतलेले सगळे उलटून पडणे. झटके येणे. मूल मलूल पडणे, हाक मारूनही नीट जागे न होणे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 'बघू सकाळी' हा नियमच लागू नाही. दूध ओढायचे कमी झाले, काखेत ९९.५ किंवा जास्त ताप आला, अंग गार पडले, श्वास ६० च्या वर गेला किंवा हालचाल मंदावली, तर लगेच रुग्णालय गाठा. इतक्या लहान बाळाचा जंतुसंसर्ग काही तासांत सर्व शरीरात पसरू शकतो.

खोकला नसतानाही श्वास जलद असू शकतो. जुलाबाने शरीर कोरडे पडले किंवा मुलाला मधुमेह असून तो बिघडला, तर श्वास जलद आणि खोल होतो. दूध पिताना वारंवार थांबणाऱ्या, घामेजणाऱ्या आणि वजन न वाढणाऱ्या बाळात हृदयविकाराची शंका घ्यावी लागते. अशा मुलांनाही वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवायला हवे.

हे टाळा

बाळाच्या नाकात तेल-तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. कापूर लहान बाळासाठी विषारी आहे, त्याने झटके येऊ शकतात. धुरीचा धूर आधीच दुखावलेल्या फुप्फुसांना आणखी त्रास देतो. मेळघाटासारख्या भागात पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा आहे. त्याने श्वास सुधारत नाही, जखमेतून जंतू मात्र आत शिरतात.

खोकल्याची औषधे न्यूमोनिया बरा करत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपमुळे मुलांचे मृत्यू झाल्यानंतर, केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना दिली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नयेत. मोठ्या भावंडाच्या बाटलीत उरलेले प्रतिजैविक तर कधीच देऊ नका. आणि मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

न्यूमोनिया टाळताही येतो. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, घरात चुलीचा आणि बिडी-सिगारेटचा धूर नाही, आणि वेळेवर लसीकरण. सरकारी केंद्रात न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात मोफत मिळते. पेंटाव्हॅलंट आणि गोवराची लसही न्यूमोनियाच्या काही कारणांपासून वाचवते.

आता त्या रात्रीच्या घराकडे परत येऊ. बाबांनी मोबाइलवर एक मिनिट लावले, आईने झबले वर धरले, आजीने मोजले. बासष्ट. पुन्हा मोजले, साठ. छातीचा खालचा भाग आत जातोय, हे आता तिघांनाही दिसले. निघण्यापूर्वी आईने बाळाच्या उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. वाटेत बाळ रडू लागले तर डॉक्टरांना खरा श्वास त्यातच पाहता येतो. मग बाळाला गुंडाळून, पण तोंड-नाक मोकळे ठेवून, ते निघाले. थर्मामीटर अजूनही ९९.८ च दाखवत होता.