भिंतीत उतरलेला करंट मेगर दाखवतो
चाळमालक, मोटारधारक आणि ग्रामपंचायतींनी करून घ्यावी अशी एक साधी चाचणी

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला. मात्र त्याच पंचक्रोशीतल्या म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी या गावांत आता खोल्यांचे भाडे हे दुसरे पीक झाले आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे एमआयडीसी आली, आणि १९९० नंतर कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. ज्यांची जमीन संपादनात गेली त्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर पत्र्याच्या किंवा विटांच्या खोल्या बांधल्या. परगावचा कामगार तिथे राहू लागला.

खोल्या वाढल्या, वायरिंग मात्र तेच राहिले. घरच्या मीटरवरून पहिल्या दोन खोल्यांना लाइन दिली, तिथून पुढच्या चार खोल्यांना, तिथून मागच्या न्हाणीला. वायर दोन दिव्यांच्या हिशेबाने टाकलेली, आणि आता तिच्यावर हीटर, इंडक्शन शेगडी, कूलर असे सगळेच चालते. मग पावसाळ्यात एखादा भाडेकरू सांगत येतो, "मालक, पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात." आपल्याकडे याला भिंतीत करंट उतरला म्हणतात. एरवी उत्तर ठरलेले असते : "चप्पल घालून जात जा." हे उत्तर जिवावर बेतणारे आहे.

करंट उतरतो कसा?

तांब्याच्या तारेवर पीव्हीसीचे वेष्टण असते. विजेला तारेत कोंडून ठेवणे हे या वेष्टणाचे काम. साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसते. लोड जास्त झाला की वायर तापते, वेष्टण कडक होऊन तडकते. उंदीर कुरतडतात. पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर तशीच ओढली की वाऱ्याने पत्रा हलतो आणि धार वेष्टण कापत जाते. जोडावर गुंडाळलेली टेप दोन पावसाळ्यांत सुटते. तिथे ओल पोहोचली की वीज पत्र्यात, भिंतीत, कपडे वाळत घालायच्या तारेत उतरते.

पुष्कळांचा समज असा की, असे झाले तर खटका आपोआप पडेल किंवा फ्यूज उडेल. हिशेब करून पाहू. अर्थिंगचा अवरोध २० ओहम आहे असे धरा. कोरड्या मुरमाड जमिनीत तो याहूनही जास्त भरतो. २३० व्होल्टला २० ने भागले की साडेअकरा अँपिअर येतात. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही. माणसाच्या अंगातून मात्र ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा तेहतिसावा भाग काही क्षण गेला तरी प्राणावर बेतू शकते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे.

यात पैशाचेही नुकसान आहे. एक अँपिअर गळती चोवीस तास राहिली तर दिवसाला साडेपाच युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १६५ युनिट जमिनीत जातात. बिल आल्यावर मीटर फास्ट आहे म्हणून आपण तक्रार करतो.

मेगर म्हणजे काय?

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काळ्या पेटीचे, हाताने फिरवायचे यंत्र अनेकांनी पाहिले असेल. तोच मेगर. इंग्लंडमध्ये १९०३ साली हे नाव नोंदवले गेले, आणि पुढे कोणत्याही कंपनीच्या असल्या यंत्राला मेगरच म्हणू लागले. आता सेलवर चालणारे, आकडे दाखवणारे मेगरही मिळतात.

पंक्चरवाला ट्यूब नुसती डोळ्यांनी पाहत नाही. हवा भरून पाण्यात बुडवतो, तेव्हा बारीक भोकातून बुडबुडा येतो. मेगरचे तसेच आहे. वायरिंगवर तो ५०० व्होल्टचा दाब देतो आणि वेष्टणातून किती वीज झिरपते ते मेगओहममध्ये सांगतो. एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम. साधा मल्टिमीटर सेलच्या थोड्या व्होल्टवर चालतो, त्यामुळे दाबाखाली फुटणारी जागा त्याला सापडत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टेस्टरमधला दिवा अगदी थोड्या विजेवरही लागतो, त्यामुळे गळती किती हे त्यावरून कळत नाही.

आकडा किती हवा? १९५६च्या भारतीय वीज नियमांतील ४८ व्या नियमाने ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट देऊन किमान एक मेगओहम असे ठरवले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनीही तोच आकडा ठेवला. घराच्या व्होल्टेजला एक मेगओहमवर पाव मिलिअँपिअरसुद्धा गळत नाही. आकडा ०.०५ आला तर साडेचार मिलिअँपिअर गळतात, म्हणजे झिणझिण्या सुरू. शून्य आला तर तार कुठेतरी टेकली आहे.

चाचणी करताना

हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. पण मालकाने शेजारी उभे राहून पुढील गोष्टी होतात की नाही ते पाहावे.

१. मेन स्विच बंद करून लाइन खरोखर गेली याची खात्री करावी. मेगर चालू लाइनवर कधीही लावू नये.

२. टीव्ही, चार्जर, फ्रीज, इंडक्शन यांच्या पिना काढाव्यात, एलईडी दिवे उतरवावेत. ५०० व्होल्टने त्यांतली इलेक्ट्रॉनिक्स जळते.

३. सगळे खटके चालू स्थितीत ठेवावेत. नाहीतर खटक्यापुढची वायर तपासलीच जात नाही.

४. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थिंगशी एक मिनिट चाचणी घ्यावी. पत्र्याची खोली असेल तर दुसरी क्लिप पत्र्याला लावूनही आकडा पाहावा. मग फेज आणि न्यूट्रल सुटे करून एकमेकांशी तपासावेत.

५. आकडा कमी आला तर एकेका खोलीची लाइन सुटी करत जावे. इथे नुसते फ्यूज काढून भागत नाही. न्यूट्रल सगळ्यांचा एकत्र असतो, तोही लिंकमधून सुटा करावा लागतो. ज्या खोलीची लाइन सोडताच आकडा चढतो, दोष तिथला.

मोटारीचेही असेच. विहिरीवरील किंवा बोअरमधील मोटार उचलण्याआधी स्टार्टरपाशी केबल सोडून मेगर लावला तर दोष कळतो. मोटार वर काढल्यावर केबल आणि मोटार वेगवेगळी तपासावी. पुष्कळदा मोटार चांगली असते, केबलचा जोड पाणी पीत असतो. रिवाइंडिंगचा खर्च वाचतो.

चाचणी उन्हाळ्यात घेतली तर भिंत कोरडी असते आणि आकडा चांगला येतो. म्हणून मे महिन्यात एकदा घ्यावी आणि भिंती ओल धरतात त्या श्रावणात पुन्हा एकदा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. गेल्या वर्षी २० असलेला आकडा यंदा २ झाला तर तो नियमात बसतो खरा, पण वायर म्हातारी झाल्याची ती खूण आहे.

दुरुस्तीबरोबर मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती झाली की तो क्षणात लाइन तोडतो. पण तो सारखा पडतो म्हणून वायरमनला सांगून थेट जोडून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आरसीसीबी पडतो तेव्हा तो गळती सांगत असतो. ती शोधायला मेगरच लागतो.

ग्रामपंचायतीने काय करावे?

नवीन जोडणीच्या वेळी वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल महावितरणकडे द्यावा लागतो. त्यानंतर वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही, आणि मागाहून वाढवलेल्या खोल्यांची तर चाचणीच झालेली नसते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. सुरुवात आपल्या ताब्यातील इमारतींपासून करावी : शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठ्याची मोटार, समाजमंदिर. परवानाधारक वायरमनला एक दिवस बोलावून वाडीनिहाय चाळी तपासून घेतल्या तर खर्च वाटला जातो. अहवालात नुसते "वायरिंग ठीक" असे न लिहिता मेगओहमचा आकडा मागावा. खांबावरून किंवा सर्व्हिस वायरमधून करंट उतरत असेल तर त्याला हात न लावता १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे.

खोलीचे भाडे दर महिन्याला येते. त्या खोलीत झोपणारी पोरे कोणाची तरी पोटची आहेत, आणि त्यांचा हात त्याच पत्र्याला लागतो. येत्या पावसाआधी आपल्या चाळीचा आकडा किती आहे, एवढे तरी प्रत्येक मालकाला सांगता आले पाहिजे.