लॉक कोणी धरलाय?

आयबीएमने १९८८ मध्ये आणलेल्या एएस/४०० या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आज ‘आयबीएम आय’ या नावाने चालू आहे. तिच्यावरचे आरपीजी भाषेतले जुने प्रोग्रॅम अजूनही ऑर्डरी नोंदवतात, साठा वजा करतात. फक्त आता त्यांना हिरव्या स्क्रीनऐवजी जावाचे वेब ॲप्लिकेशन जेडीबीसीवरून बोलावते. प्रोग्रॅम तोच राहिला, पण तो ज्या जॉबमध्ये चालतो तो जॉब बदलला. गैरसमज सुरू होतात ते इथूनच.

‘कनेक्शन बंद केले म्हणजे सर्व्हरवरचे काम संपले’ हा सर्वांत पक्का रुजलेला समज. प्रत्यक्षात कॉल पोहोचतो तो क्यूझेडडासोइनिट नावाच्या, आधीच सुरू करून ठेवलेल्या जॉबमध्ये. कनेक्शन पूल असेल तर ‘क्लोज’ म्हटल्यावर कनेक्शन नुसते पूलमध्ये परत जाते आणि जॉब जागाच राहतो. आरपीजी प्रोग्रॅम एलआर (प्रोग्रॅम पूर्ण संपल्याची खूण) ऑन न करता परतला असेल, तर त्याच्या फायली उघड्या राहतात आणि व्हेरिएबलमध्ये आधीच्या ग्राहकाची माहितीही तशीच असते. रात्री फाइल रिकामी करायला आलेली बॅच मग अडते, कारण तिला ती फाइल एकटीला हवी असते.

‘मग दर वेळी एलआर लावा,’ असे लगेच सुचवले जाते. त्याने फायली बंद होतील, पण प्रत्येक कॉलला त्या नव्याने उघडाव्या लागतील आणि गर्दीच्या वेळी ते जड जाते. माझ्या मते फाइल उघडी राहिली तरी चालेल, रेकॉर्ड मात्र अडकून राहता कामा नये. अपडेटसाठी उघडलेल्या फाइलवर ‘चेन’ (किल्लीने रेकॉर्ड वाचण्याची आज्ञा) केले की रेकॉर्ड लॉक होते, पुढे ते बदला किंवा न बदला. ‘साठा पुरेसा नाही’ एवढे सांगून परतलेला प्रोग्रॅमही ते रेकॉर्ड धरून बसतो. दुसरा जॉब डीफॉल्टप्रमाणे ६० सेकंद वाट पाहतो आणि ‘रेकॉर्ड लॉक आहे’ असे सांगणारा १२१८ स्टेटस घेऊन पडतो. नुसते वाचायचे असेल तर ‘चेन’ला एन जोडावा. लॉक घेतलाच असेल, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर ‘अनलॉक’ हवे.

‘लॉक क्यूयूझरने धरलाय’ हेही वरवरचे निदान. अशा जॉबच्या नावात क्यूयूझर हे सिस्टीमचे यूझर प्रोफाइल असतेच. सध्या तो जॉब कोणासाठी राबतोय हे जॉबच्या तपशिलात आणि जॉब लॉगमध्ये पाहावे लागते. पूल एकाच सामाईक आयडीने चालत असेल तर तेवढ्यानेही माणूस सापडत नाही. म्हणून ॲप्लिकेशनने क्लायंटची माहिती कनेक्शनवर स्वतः नोंदवावी, असा माझा आग्रह आहे.

आणि ‘जॉब मारा, सगळे रोलबॅक होईल’ हा समज तर धोकादायकच. जेडीबीसीत ऑटोकमिट बंद केले म्हणून आरपीजीची नेटिव्ह फाइल त्या व्यवहारात आपोआप येत नाही. त्यासाठी फाइल जर्नल झालेली (तिच्यातले बदल जर्नलमध्ये नोंदले जाणारी) हवी आणि प्रोग्रॅममध्ये तिच्या घोषणेत ‘कमिट’ हा शब्द हवा. नाहीतर जॉब मारल्यावर ऑर्डरचा वरचा भाग जागेवर राहतो आणि खालच्या ओळी कधी लिहिल्याच जात नाहीत.