इंजिनात पडलेला नट

मोटारीचे इंजिन उघडून काम चालू असताना कधी कधी हातातून एखादा नट, वायसर किंवा स्क्रू निसटतो आणि इंजिनाच्या उघड्या तोंडातून आत नाहीसा होतो. असा प्रसंग नवशिक्या उमेदवारावर येतो, तसाच तो मुरलेल्या मिस्त्रीवरही येतो. घटना दिसायला क्षुल्लक. परंतु पुढची पाच मिनिटे माणूस कसा वागतो, यावर साऱ्या इंजिनाचे भवितव्य अवलंबून असते.

असे का, हे कळण्यासाठी इंजिनाच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर नावाची नळकांडी असतात आणि प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर सरकत असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या एका सेकंदात ५० वेळा वर जातो व तितक्याच वेळा खाली येतो. तो अगदी वर पोहोचला, म्हणजे त्याचा माथा आणि सिलिंडरचे झाकण यांच्यामध्ये काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर फट उरते. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला बसणारा नट सुमारे ५ मिलिमीटर जाड असतो. तो त्या फटीत सापडला, की घणाचे घाव बसावेत तसे आघात सुरू होतात. दट्ट्याचा माथा फुटतो, झडपा वाकतात आणि सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर चरे पडतात. एवढी हानी होण्यास काही क्षण पुरतात.

म्हणून पहिला नियम असा, की पडलेली वस्तू हाती येईपर्यंत इंजिन चालू करू नये. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. मग कोणी नकळत किल्ली फिरवली, तरी अनर्थ होत नाही. हवेचा झोत मारून वस्तू उडवून लावण्याचा मोहही टाळावा. त्याने ती अधिक खोल जाते किंवा उसळून डोळ्याला इजा करते.

यानंतर शोध घ्यावयाचा. विजेरी व लांब दांडीचा लहान आरसा यांच्या साहाय्याने पुष्कळदा वस्तू दिसते. आता स्पार्क प्लगच्या छिद्रातून आत जाईल असा बारीक कॅमेराही मिळतो. वस्तू लोखंडाची किंवा साध्या पोलादाची असेल, तर दांडीच्या टोकाला बसविलेले लोहचुंबक तिला अलगद उचलते. मात्र बिडाच्या सिलिंडरच्या भिंतीलाही ते चिकटू पाहते. यास्तव चतुर कारागीर दांडीवर प्लॅस्टिकची नळी चढवून चुंबकाचे केवळ टोक उघडे ठेवतो. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढून घेत नाही. तेथे तारेच्या बोटांचा लवचीक चिमटा वापरतात किंवा काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून वस्तू चिकटवून काढतात.

झडपांवरील झाकण काढलेले असताना वस्तू पडली, तर ती तेल उतरण्याच्या वाटेने थेट तळाच्या तेलपात्रात जाऊ शकते. तेथे तेल शोषणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. परंतु तिच्या भरवशावर वस्तू आतच राहू देणे शहाणपणाचे नव्हे. तेल काढून टाकावे. तेलाबरोबर वस्तू आली नाही, तर तेलपात्रच उतरवावे. सिलिंडरमधील वस्तू कोणत्याच उपायाने निघत नसेल, तर शेवटी सिलिंडरचे झाकण उतरवावे लागते. त्यासाठी नवे गॅसकेट घालावे लागते आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने आवळावे लागतात. हे काम वेळखाऊ खरे. तथापि फुटलेले इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.

याहून उत्तम म्हणजे असा प्रसंग येऊच न देणे. प्लग काढण्यापूर्वी त्याच्या भोवतालची धूळ पुसावी. उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावी आणि ती फडकी मोजून ठेवावी, नाहीतर फडकेच आत राहावयाचे! सोडवलेले नट एका ताटलीत मांडावे. सात सोडवले आणि जोडताना सहाच उरले, तर सातवा सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये.

या मोजणीला एका गुणाची जोड मात्र हवी. नट निसटताना तो ज्याच्या हातून निसटला त्यालाच बहुधा दिसतो. भीतीने किंवा लाजेने तो गप्प बसला, तर इंजिन जोडले जाते, किल्ली फिरते आणि मग त्या मौनाची किंमत गाडीच्या मालकाला मोजावी लागते. त्याने तत्काळ सांगितले, तर तेच काम एका चुंबकाने व थोड्या धीराने पार पडते. ज्या कारखान्यात उमेदवार निर्भयपणे ‘नट आत पडला’ असे म्हणू शकतो, तेथील इंजिने सुरक्षित राहतात.