डीएसएलआर कॅमेरा प्रणालीची निवड

डीएसएलआर कॅमेरा प्रणालीची निवड हा प्रश्न छायाचित्रकार आपला जुना कॅमेरा बदलून वरच्या श्रेणीचा घेऊ लागतो तेव्हा उभा राहतो. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. या प्रकारात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो आणि पंचकोनी लोलकातून किंवा स्वस्त कॅमेऱ्यांत आरशांच्या जोडणीतून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो आणि तोच प्रकाश संवेदकावर पडतो. या कॅमेऱ्याची भिंगे बदलता येतात. कॅमेऱ्याचा मुख्य भाग (बॉडी), भिंगे, फ्लॅश आणि भिंग बॉडीला जोडणारे कडे (माउंट) यांच्या एकत्रित संचास प्रणाली म्हणतात. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर सहसा बसत नाही. त्यामुळे बॉडी निवडणे म्हणजे पुढील अनेक वर्षांची भिंगे निवडणे ठरते.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे व त्याच्या आसपासच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात छायाचित्रकाराच्या हाती येणारे काम नाना प्रकारचे असते. मंगल कार्यालयांतील लग्ने, कारखान्यांतील समारंभ, घाटांतील बैलगाडा शर्यती आणि देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्या ही सर्व कामे एकाच बॅगेतील साहित्यावर करावी लागतात. अशा व्यावसायिकासाठी प्रणाली बदलणे हा भांडवलाचा प्रश्न असतो. खंडेनवमीला झेंडू वाहून ज्या साहित्याची पूजा होते, त्यात बॉडी सर्वांत लवकर जुनी होते, तर चांगले भिंग तीन-चार बॉड्यांना पुरून उरते.

माउंटचा इतिहास

निकॉनचे एफ माउंट १९५९ सालचे आहे. त्याच्या कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असून डिजिटल युगातही ते बदलले नाही. कॅननने मात्र १९८७ मध्ये आपले एफडी माउंट सोडून पूर्णपणे विद्युत जोडणीचे ईएफ माउंट आणले. एफडीमध्ये हे अंतर ४२ मिलिमीटर होते, ईएफमध्ये ते ४४ झाले. परिणामी जुने एफडी भिंग नव्या बॉडीवर साध्या कड्याने बसवले तरी ते संवेदकापासून अधिक दूर राहते आणि दूरच्या दृश्यावर फोकस होत नाही. वर्षानुवर्षे जमवलेली भिंगे अशा रीतीने एका निर्णयाने जुन्या बॉड्यांपुरती उरली. तथापि ५४ मिलिमीटर व्यासाचे रुंद तोंड आणि भिंगातच मोटर ठेवण्याची रचना यांमुळे कॅननला पुढील तीन दशके त्याचा लाभ झाला.

याच अंतराच्या नियमाने निकॉनचे भिंग कॅननच्या ईएफ बॉडीवर अडीच मिलिमीटर जाडीच्या कड्याने बसवता येते, पण कॅननचे भिंग निकॉनवर तसे बसत नाही. मात्र त्या साध्या कड्यात विद्युत संपर्क नसल्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. लग्नाच्या धावपळीत त्याचा उपयोग फारसा नाही.

इतर प्रणालींचा इतिहास ग्राहकाने सावध व्हावे असा आहे. मिनोल्टाचे ए माउंट १९८५ मध्ये आले. कोनिका-मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसाय सोडला व तो सोनीकडे गेला. सोनीने त्याच वर्षी अल्फा १०० हा कॅमेरा काढला, परंतु २०२१ पर्यंत ए माउंटच्या बॉड्या बंद झाल्या. ऑलिंपस व कोडॅक यांच्या फोर थर्ड्स प्रणालीचा पहिला कॅमेरा ई-१ हा २००३ सालचा. या प्रणालीची जागा २००८ पासून आरसाविरहित मायक्रो फोर थर्ड्सने घेतली. पेंटॅक्सचे १९७५ चे के माउंट आजही चालते आणि जुनी भिंगे जपण्याच्या बाबतीत या कंपनीची परंपरा उत्तम आहे. भारतात तिची विक्री व दुरुस्ती यांचे जाळे मात्र मर्यादित राहिले. बॉडी नादुरुस्त झाली असताना हंगामातील लग्नतिथी थांबत नाही, त्यामुळे आपल्या भागात कॅमेरा बहुतेकांच्या बाबतीत निवड कॅनन की निकॉन एवढ्यापुरतीच उरली.

अंशतः जुळणारी भिंगे

एकाच कंपनीच्या नावाखालची सर्व भिंगे सर्व बॉड्यांवर सारखी चालतात, ही समजूत चुकीची आहे. निकॉनच्या जुन्या ‘एएफ’ व ‘एएफ-डी’ भिंगांत मोटर नसते. बॉडीतील मोटर पेचकसासारख्या टोकाने ते भिंग फिरवते. २००६ च्या डी४० पासून डी३००० व डी५००० या प्राथमिक मालिकांतील बॉड्यांत ही मोटर दिलेली नाही. म्हणून स्वस्त म्हणून घेतलेले ५० मिलिमीटर एफ १.८ डी हे भिंग अशा बॉडीवर बसते, प्रकाशमापनही होते, पण स्वयंचलित फोकस होत नाही. डी७००० मालिकेच्या बॉडीवर तेच भिंग व्यवस्थित काम करते. म्हणजे निकॉनमध्येच वरच्या श्रेणीत गेल्याने जुन्या भिंगांचे एक मोठे भांडार खुले होते. १९७७ पूर्वीची न सुधारलेली भिंगे मात्र अनेक नव्या बॉड्यांवर बसवू नयेत, कारण त्यांनी कड्यावरील नाजूक भाग मोडू शकतो.

कॅननमध्ये अडचण वेगळ्या ठिकाणी येते. २००३ च्या ३००डी बरोबर आलेली ईएफ-एस भिंगे लहान संवेदकासाठीच आहेत आणि ती पूर्ण आकाराच्या (३६ × २४ मिलिमीटर) संवेदकाच्या डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनची डीएक्स भिंगे मोठ्या बॉडीवर बसतात, फक्त चित्राचा मधला भाग वापरला जातो. पुढे पूर्ण फ्रेमकडे जाण्याचा विचार असलेल्याने लहान संवेदकाच्या महागड्या भिंगात पैसे गुंतवताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. लहान संवेदकामुळे दृष्टिक्षेत्र निकॉनमध्ये १.५ पट व कॅननमध्ये १.६ पट अरुंद होते. ३०० मिलिमीटरचे भिंग त्यामुळे अनुक्रमे ४५० व ४८० मिलिमीटरसारखे भासते.

सिग्मा, टॅमरॉन व टोकिना या कंपन्या एकच भिंग वेगवेगळ्या माउंटांसाठी बनवतात. सिग्माने २०१३ मध्ये आपल्या नव्या मालिकांतील भिंगांचे माउंट शुल्क घेऊन बदलून देण्याची सेवा सुरू केली. प्रणाली बदलणाऱ्याला ही सोय फार कमी ठिकाणी मिळते.

कामानुसार तुलना

लग्नाच्या छायाचित्रणात कार्डाच्या दोन खाचा असणे हे चित्राच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे मानले जाते. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो आणि कार्ड बिघडले म्हणून तो पुन्हा धरता येत नाही. निकॉन डी७५० (२०१४) मध्ये दोन खाचा होत्या, तर कॅनन ६डी मार्क २ (२०१७) मध्ये एकच. कॅननच्या ५डी मार्क ३ मध्ये दोन होत्या, पण ती बरीच वरच्या किमतीची श्रेणी होती. निकॉनमध्येही प्रगती सरळ रेषेत नव्हती. डी७२०० मधील दोन खाचा नंतरच्या डी७५०० मध्ये एकावर आल्या. नवा क्रमांक म्हणजे प्रत्येक बाबतीत वरचा कॅमेरा, असे गृहीत धरता येत नाही.

चलचित्रणात पारडे कॅननकडे झुकते. डीएसएलआरमध्ये चलचित्र प्रथम निकॉन डी९० ने २००८ मध्ये आणले, परंतु त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क २ ने पूर्ण एचडी दर्जा दिला आणि व्यावसायिकांत तोच रुजला. २०१३ च्या ७०डी पासून कॅननने संवेदकावरच फोकस साधणारी ड्युअल पिक्सेल पद्धत वापरली. पडद्यावर पाहून चित्रण करताना निकॉनच्या डीएसएलआरचा फोकस २०२० च्या डी७८० पर्यंत अडखळतच राहिला. उलट कमी आयएसओवर सावल्यांतील तपशील उजळून काढण्यात निकॉनच्या बॉड्या दीर्घकाळ सरस होत्या. कॅननने २०१६ च्या ८०डी व ५डी मार्क ४ मध्ये हा फरक बराच कमी केला.

बैलगाडा शर्यतीत एक बारी काही सेकंदांत संपते. पुढे घोडी, मागे बैल, धुरळा आणि उधळलेला भंडारा यांतून फोकस धरून ठेवणे ही स्वयंचलित यंत्रणेची खरी परीक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा लहान संवेदकाचे दोन वेगवान कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात उपलब्ध होते: सेकंदाला १० चित्रे व ६५ फोकसबिंदूंचा कॅनन ७डी मार्क २ (२०१४) आणि तितक्याच वेगाचा, १५३ बिंदूंचा निकॉन डी५०० (२०१६). कागदावर निकॉन पुढे आहे. परंतु ज्याच्याकडे कॅननचे १००-४०० मिलिमीटरचे भिंग आधीच आहे, त्याने केवळ बिंदूंच्या संख्येसाठी ते विकणे तोट्याचेच ठरते. भिगवण येथे उजनी जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे चित्रण करणाऱ्यांपुढेही हाच हिशेब असतो. निकॉनचे २००-५०० मिलिमीटर एफ ५.६ भिंग (२०१५) किमतीच्या मानाने चांगले म्हणून अनेकांनी त्यासाठी निकॉन घेतले, तर सिग्मा व टॅमरॉन यांच्या १५०-६०० मिलिमीटर भिंगांनी दोन्ही बाजूंची गरज भागवली.

ज्याच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेले १८-५५ मिलिमीटरचे भिंग तेवढेच आहे, त्याला प्रणाली बदलण्याचा खर्च जवळजवळ नसतो. त्याने मोकळेपणाने दोन्हींकडे पाहावे. दोन-तीन चांगली भिंगे व फ्लॅश जमले की गणित उलटते. फ्लॅशचा स्वयंचलित प्रकाशसंवाद प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तोही पुन्हा विकत घ्यावा लागतो. हाताची सवय हा न दिसणारा खर्च आहे. कॅननचे भिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसते, निकॉनचे उलट दिशेने. एका लग्नात दोन छायाचित्रकार असतील तर त्यांची प्रणाली एक असणे सोयीचे, कारण भिंगे व बॅटऱ्या आपसांत बदलता येतात.

आरसाविरहित कॅमेऱ्यांचे आगमन

निकॉनने झेड व कॅननने आरएफ ही आरसाविरहित माउंटे २०१८ मध्ये आणली आणि जुना वाद नव्या स्वरूपात उभा राहिला. आरसा नसल्यामुळे संवेदकापर्यंतचे अंतर झेडमध्ये १६ व आरएफमध्ये २० मिलिमीटर इतके कमी झाले. मधल्या मोकळ्या जागेत जोडकडे बसत असल्याने जुनी भिंगे वापरता येतात. १९८७ च्या कॅनन ग्राहकांना ही सोय मिळाली नव्हती. कॅननच्या जोडकड्यावर ईएफ व ईएफ-एस दोन्ही भिंगांचा फोकस चालतो. निकॉनच्या एफटीझेड जोडकड्यावर स्वतःची मोटर असलेली भिंगे चालतात, पण एएफ-डी भिंगांचा स्वयंचलित फोकस बंद पडतो. डी७००० मालिकेकडे जाऊन ज्याने अशी भिंगे जमवली, त्याच्या पुढच्या वाटेवर ही अडचण आहे.

कॅनन १डी एक्स मार्क ३, निकॉन डी६ व डी७८० या २०२० च्या बॉड्यांनंतर दोन्ही कंपन्यांचा भर आरसाविरहित कॅमेऱ्यांवर गेला. पेंटॅक्सने मात्र २०२१ मध्ये के-३ मार्क ३ हा नवा डीएसएलआर काढला.

वापरलेला माल

या स्थित्यंतरामुळे डीएसएलआर घेणारा ग्राहक मोठ्या प्रमाणात वापरलेल्या मालाकडे वळला. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार ही कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे. वापरलेल्या बॉडीत प्रथम शटर किती वेळा चालले ते पाहतात. कॅनन ५डी मार्क ४ व निकॉन डी७५० यांच्या शटरची चाचणी १,५०,००० वेळांपर्यंत, तर डी८५० व डी५०० यांची २,००,००० वेळांपर्यंत झालेली आहे. लग्नाच्या एका हंगामात हजारो चित्रे निघत असल्याने दोन-तीन वर्षे वापरलेली बॉडी या मर्यादेच्या जवळ असू शकते. मर्यादा ओलांडलेले शटर लगेच बंद पडते असे नाही, पण त्याच्या दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा लागतो. भिंगात विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे तंतू आहेत का ते पाहावे लागते. कोकण व मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या भिंगांत ही बुरशी सहज आढळते. ती काचेवरील लेप खाते आणि पुसून जात नाही. पालखीच्या वाटेवर पावसात भिजलेली भिंगे कोरडी न करता बंद बॅगेत राहिली, तर पुणे जिल्ह्यातही तीच गत होते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या करणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.