रिपोर्टमधल्या ब्लँकला शून्य कधी करायचं, कधी नाही?

व्हिडिओत पॉवर बीआयचं मेजर बनवताना मी ब्लँकचा विषय घाईत उरकला होता. आज तेवढंच नीट बघू, कारण यात मी स्वतः मार खाल्लाय.

स्लायसरमध्ये एखादा आयटम निवडला आणि त्या दिवशी त्याची विक्रीच नसेल, तर 'सम' उत्तर देतं ब्लँक. शून्य नाही, ब्लँक. कार्डवर ते विचित्र दिसतं, म्हणून आपण मेजरच्या शेवटी अधिक शून्य लावतो किंवा 'कोलेस' वापरतो. दिसायला छान होतं. मीही तेच केलं होतं.

मग त्याच मेजरवर 'अॅव्हरेजएक्स' लावून रोजची सरासरी काढली. बेसनाची अर्ध्या किलोची पाकिटं सप्टेंबरमध्ये ७८० विकली होती. रिपोर्टने सांगितलं, रोज २६. दिवाळीत दुप्पट खप धरून दहा दिवसांसाठी ५२० पाकिटं मागवली. नवव्या दिवशी संध्याकाळी बेसन संपलं! गिऱ्हाईक बेसनासाठी समोरच्या दुकानात गेलं आणि रवा, तूपही तिथूनच घेतलं.

झालं काय होतं? चार सोमवार दुकान बंद होतं. त्या दिवशी ब्लँक असायला हवं होतं, मी तिथे शून्य बसवलं. त्यामुळे ७८० ला २६ ऐवजी ३० ने भागलं गेलं. खरी सरासरी होती ३०, म्हणजे मागवायला हवी होती ६०० पाकिटं.

मग काय, शून्य काढून टाकायचं? थांबा. मी काढलं, तर केशराच्या डबीने उलटा झटका दिला. महिन्यात फक्त तीन दिवस मिळून ६ डब्या गेल्या होत्या. 'अॅव्हरेजएक्स' ब्लँक दिवस मोजतच नाही, म्हणून सरासरी आली रोज २! खरं तर दुकान २६ दिवस उघडं होतं, म्हणजे दिवसाला पाव डबीसुद्धा नाही. त्या आकड्यावर माल भरला असता तर पैसे केशरात अडकले असते.

म्हणजे दुकान उघडं होतं पण विकलं नाही, तर ते शून्य. दुकानच बंद होतं, तर ते ब्लँक. हा फरक सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही हो, तो आपणच सांगायचा.

त्यासाठी कॅलेंडर टेबलमध्ये 'दुकान चालू' असा एक कॉलम घाला, हो किंवा नाही. सरासरीच्या मेजरमध्ये प्रत्येक तारखेला 'इफ' लावा: दुकान चालू असेल तर विक्री अधिक शून्य. 'नाही'साठी काहीच लिहू नका, तिथे ब्लँकच येतं. विक्रीचं मूळ मेजर मात्र साधंच ठेवा. त्यात शून्य घातलं की तुम्ही न विकलेले आयटमसुद्धा टेबलमध्ये रांगेने उभे राहतात, कारण ज्या ओळीत सगळी मेजर ब्लँक असतात तीच पॉवर बीआय लपवतं.

आणि एक. ब्लँक शोधताना 'बरोबर शून्य' अशी एका चिन्हाची तुलना करू नका, तिथे ब्लँक आणि शून्य सारखेच ठरतात. 'इझब्लँक' वापरा. वाढीची टक्केवारी 'डिव्हाइड'ने काढली की मागच्या वर्षी नसलेल्या आयटमपुढे ब्लँक येतं. ते तसंच राहू द्या. तिथे शून्य टक्के लिहिलंत, तर नवा चालणारा माल रिपोर्टमध्ये थंड दिसेल.